मानसशास्त्रज्ञांनो, व्यवसायाची बाजू मांडताना या चुका टाळा

निवेदन दिलं, अधिकाऱ्यासोबत फोटो काढला, ग्रुपवर टाकला. चाळीस जणांचे अंगठे आले. तीन महिन्यांनी चौकशी केली, तर कार्यालयानेही अंगठाच दाखवला. आपल्या व्यवसायासाठी धडपडणाऱ्या बऱ्याच मानसशास्त्रज्ञांचा पहिला अनुभव असाच असतो. मग सरकारला नावं ठेवून आपण मोकळे होतो. पण निवेदन पुन्हा काढून वाचा. घोळ बहुतेक वेळा पहिल्याच ओळीत सापडतो.

निवेदन ‘आम्हाला’ने सुरू होतं

आम्हाला मान्यता द्या, आमची पदं भरा, आमचं मानधन वाढवा. मागण्या रास्त असतात, पण त्याच दिवशी आणखी दहा संघटना हेच मागून गेलेल्या असतात. इंग्लंडमध्ये 2006 साली मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क आणि अर्थतज्ज्ञ रिचर्ड लेयर्ड यांनी सरकारपुढे हिशेब मांडला. नैराश्य आणि चिंताविकारामुळे किती लोक कामाबाहेर आहेत, त्यांच्या भत्त्यांवर किती पैसा जातो, आणि एका रुग्णाच्या उपचारांना लागणारे सुमारे 750 पौंड त्या बचतीतूनच कसे भरून निघतात. शेवटी मागणी होती दहा हजार थेरपिस्टची. म्हणजे पदंच मागितली होती, फक्त ती हिशेब झाल्यावर! 2008 पासून अशा उपचारांची सरकारी सेवा टप्प्याटप्प्याने सुरू झाली. मानसशास्त्रज्ञ आणि अर्थतज्ज्ञ एकत्र आले, हे मला यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

तेव्हा पहिला परिच्छेद खोडा. भेटीसाठी लोकांना किती आठवडे थांबावं लागतं, किती जण थांबून थांबून येणंच सोडतात, तिथून सुरुवात करा. आपली मागणी शेवटी, एकच, आणि तिच्यासमोर खर्चाचा आकडा.

‘फरक पडतो’, पण किती?

रुग्णाला आपण रोजनिशी लिहायला सांगतो आणि स्वतःच्या कामाची साधी नोंद ठेवत नाही. इंग्लंडच्या त्या सेवेत प्रत्येक सत्राला लक्षणांची प्रश्नावली भरून घेतली जाते. नैराश्यासाठी पीएचक्यू-9, चिंतेसाठी जीएडी-7. प्रश्न अनुक्रमे नऊ आणि सात, वेळ काही मिनिटांचा. वर्षभर हे केलंत तर हातात स्वतःचे आकडे येतात.

ते फुगवू मात्र नका. मध्येच सोडून गेलेल्यांनाही मोजा. 2015 मध्ये मानसशास्त्रातले 100 अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम 36 टक्क्यांत तसा ठोस निष्कर्ष पुन्हा मिळाला. समोरच्याने हे वाचलेलं असू शकतं. मर्यादा आपणच आधी सांगितली की तो प्रश्न बोचत नाही.

रुग्णाची गोष्ट परस्पर सांगणं

नाव बदललं म्हणजे झालं, असं नसतं. व्यवसाय, वय आणि घटना एवढ्यावरून ओळखीचे लोक माणूस ओळखतात. चालू उपचारातल्या रुग्णाला ‘चला, तुमचा अनुभव सांगा’ म्हणणंही चुकीचं. तो तुम्हाला मोकळेपणाने नाही म्हणूच शकत नाही. स्वतःहून बोलणाऱ्या रुग्णांच्या आणि काळजीवाहकांच्या संघटना असतात, त्यांना बरोबरीने बोलवा.

तीन संघटना, तीन शिष्टमंडळं

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ एक मागतात, समुपदेशक दुसरं, शाळांत काम करणारे तिसरं. अशाच एका शिष्टमंडळात मी होतो. अधिकाऱ्याने आमचा कागद वाचला, कपाटातून आमच्याच लोकांचा उलट मागणीचा कागद काढला आणि म्हणाला, ‘आधी आपसात ठरवा.’ त्यावर बोलायला काहीच नव्हतं. मतभेद सगळे मिटणार नाहीत. ज्या एका मुद्द्यावर सगळ्यांच्या सह्या होतील तेवढाच घेऊन जा.

आणि वर्षांची तयारी ठेवा. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञांना औषधं लिहून देण्याचा अधिकार देणारं पहिलं राज्य न्यू मेक्सिको, 2002 साली. सातवं राज्य यूटा, 2024 मध्ये. डॉक्टरांच्या संघटनांचा विरोध होताच, आणि या प्रश्नावर खुद्द मानसशास्त्रज्ञांतही एकमत नाही.

कायदा झाला की पेढे वाटून घरी जाणं

खरी कसोटी नियमांत असते. नोंदणी कुणाची होणार, देखरेखीखालचे तास किती, आधीपासून काम करणाऱ्यांचं काय? मसुद्यावर हरकती पाठवायची मुदत उलटून जाते आणि मग आपण वर्षानुवर्षं कुरकुरत राहतो. दोघांना याच कामावर बसवा: मसुदा वाचायचा आणि मुदतीत लेखी उत्तर द्यायचं.

सत्तेच्या फार जवळ जाणं

ही चूक यशस्वी संघटना करतात. कैद्यांच्या चौकशीबाबतची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं ढिली ठेवण्यासाठी अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या पदाधिकाऱ्यांनी संरक्षण खात्याशी संगनमत केल्याचा ठपका 2015 च्या स्वतंत्र चौकशीत आला. संरक्षण खात्याची मर्जी राखणं हे त्यामागचं मुख्य कारण होतं, असंही त्या अहवालाने म्हटलं. संघटनेला माफी मागावी लागली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्रीय सुरक्षेसाठी होणाऱ्या कैद्यांच्या चौकशांत मानसशास्त्रज्ञांच्या सहभागावर तिने बंदी घातली. म्हणून कुठल्याही खात्याशी बोलणी सुरू करण्यापूर्वी, काय मान्य करायचं नाही ते आधी लिहून सदस्यांसमोर ठेवा. बोलणी सुरू झाल्यावर ती यादी करायला कुणालाच सवड नसते.