मेलेला उपग्रह अंगणातून कसा ओळखायचा

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात डिशच्या छत्र्या बसवतो. फ्री डिशची छत्री आमच्याकडे आग्नेयेला, ९३.५ अंश पूर्व या जागेकडे लावावी लागते. मागे एका आजींकडे छत्री बसवत होतो. त्यांनी वर बघत विचारलं, "काय गा बाबू, वरचा तो खराब झाला मंग कोठी जाते?" मला उत्तर देता आलं नाही. पंधरा वर्षं त्याच्याकडे छत्र्या वळवतो आहे आणि हे कधी मनात आलं नाही, याची रुखरुख लागली. तेव्हापासून शोधायला लागलो.

त्या जागेवर आधी इन्सॅट-४बी हा उपग्रह होता. मार्च २००७ मध्ये सोडलेला. जानेवारी २०२२ मध्ये इस्रोने उरलेलं इंधन वापरून तो टप्प्याटप्प्याने सुमारे ३४० किलोमीटर आणखी वर नेला आणि मग बंद केला. आजींना सांगितलं, "आजी, धुऱ्यापल्याड नेऊन सोडला त्याले." त्यांचं समाधान झालं. पण सगळ्यांच्या नशिबी असा निरोप नसतो. कित्येक जिथे बंद पडले तिथेच फिरत राहतात. त्यांच्यातले काही आपल्याला नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

उन्हाळ्यात अंगणात खाट टाकून झोपतोच, तेवढी तयारी पुरे. छतही चालेल. आमच्या भागात वाघ आहे, म्हणून आभाळ मोकळं दिसतं या मोहाने रात्री धानाच्या बांधीत किंवा बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाळीवर जाऊ नका. सूर्य बुडाल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने सुरू करा आणि दीड-दोन तास बघा. या वेळी आपल्याकडे अंधार असतो, पण पाच-सातशे किलोमीटर वर अजून ऊन असतं. उपग्रहाला स्वतःचा दिवा नसतो, तो उन्हात चमकतो म्हणून दिसतो. मध्यरात्री बघून फारसा उपयोग नाही. पावसाळ्यात तर नाहीच. हिवाळ्यात हवा सगळ्यात स्वच्छ असते, पण गोधडी घेऊन बसा. अंगणातला बल्ब बंद करा, मोबाइल उलटा ठेवा, पंधरा मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या.

आता ओळख. लाल-हिरवे दिवे आणि भराभर लुकलुक दिसली तर ते विमान. ताऱ्यासारखा एकसारखा ठिपका शांतपणे तीन-चार मिनिटांत आभाळ ओलांडत असेल, तर तो बहुतेक स्वतःला सावरून धरणारा उपग्रह. आणि ठिपका उजळतो, विझतो, पुन्हा उजळतो, तेही ठरावीक अंतराने, तर डोळे लावून बसा. ती वस्तू कोलांट्या खात चालली आहे. तिची सपाट बाजू उन्हाकडे वळली की चमक, फिरली की अंधार. कोलांटी खाणारी वस्तू बहुतेक वेळा कोणाच्या ताब्यात नसते. ती बंद पडलेला उपग्रह असते किंवा त्याला वर नेऊन रिकामं झालेलं रॉकेटचं नळकांडं. नळकांडी जास्त दिसतात, कारण ती मोठी असतात.

इथे एक चूक सगळे करतात, मीही केली. ठिपका पूर्वेकडे जाता जाता एकदम विझतो आणि आपल्याला वाटतं, कोलांटी. तसं नसतं, तो पृथ्वीच्या सावलीत शिरलेला असतो. पुन्हा उजळला नाही, तर तो मोजू नका.

मोजायचं असं. मोबाइलचं स्टॉपवॉच पहिल्या चमकेला सुरू करा, तिला शून्य म्हणा, दहाव्या चमकेला थांबवा आणि दहाने भागा. एकाच चमकेवर भरवसा ठेवू नका, बोट उशिरा पडतं. वहीत तारीख, वेळ, कुठून कुठे गेला आणि कोणत्या ताऱ्याजवळून गेला ते लिहा. 'सप्तर्षीच्या शेपटीजवळून ध्रुवाकडे' एवढं पुरतं. मग हेवन्स-अबव्ह नावाचं ॲप उघडून ती वेळ आणि आपलं गाव टाका. नावापुढे 'आर/बी' (R/B) असेल तर रॉकेटचं नळकांडं, 'डेब' (DEB) असेल तर तुकडा. आठवड्याने तोच पुन्हा सापडला, तर दोन चमकांमधला वेळ बदलला का ते पाहा. या कामात माझी मुलगी माझ्यापेक्षा हुशार निघाली. तिची वही भरली.

हे ओळखायचं कशाला, असं कोणी विचारलं तर मी ट्रॉलीचं सांगतो. धान निघण्याच्या दिवसांत रस्त्यात बंद पडलेली पोत्यांची ट्रॉली रात्री बिनदिव्याची उभी असते. माझा मावसभाऊ अशाच एका ट्रॉलीवर आदळला, दोन महिने अंथरुणावर होता. वरची गोष्ट हीच आहे, फक्त तिथली ट्रॉली उभी नसते. ती सेकंदाला साडेसात किलोमीटर पळते, म्हणजे नागपूरहून चंद्रपूर वीस सेकंदांत. आणि तिला वळता येत नाही. वळायचं ते समोरच्याने.

१० फेब्रुवारी २००९ ला समोरचा वळला नाही. सायबेरियावर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर रशियाचा बंद पडलेला दळणवळण उपग्रह कॉसमॉस २२५१ आणि फोनसेवेचा चालू उपग्रह इरिडियम ३३ एकमेकांवर आदळले. गणिताप्रमाणे ते काहीशे मीटर अंतरावरून निघून जायचे होते. आदळण्याचा वेग सेकंदाला ११.७ किलोमीटर, बंदुकीच्या गोळीच्या दहापटीहून जास्त. मागोवा घेता येतील असे दोन हजारांवर तुकडे झाले, आणि त्यातला प्रत्येक तुकडा आता स्वतःच एक ट्रॉली आहे. डोनाल्ड केसलर आणि बर्टन कूर-पॅले या नासातल्या शास्त्रज्ञांनी १९७८ मध्येच लिहून ठेवलं होतं की तुकड्यांनी टकरी होतील आणि टकरींनी आणखी तुकडे.

आपली छत्री ज्याच्याकडे बघते तो मात्र डोळ्यांना दिसणार नाही, कारण तो ३५,७८६ किलोमीटरवर आहे. तिथे बंद पडलेला उपग्रह जागेवर राहत नाही. पृथ्वी अगदी गोल नसल्यामुळे तिची ओढ त्याला हळूहळू सरकवते, आणि परातीत गोटी सोडावी तसा तो इकडून तिकडे झुलत राहतो. अशा पराती दोनच. त्यातली एक ७५ अंश पूर्व रेखांशावर, आणि ही रेषा आपल्याच महाराष्ट्रातून जाते. तितक्या उंचीवर हवा नाही, त्यामुळे ते आपोआप खाली पडून जळतील ही आशा धरता येत नाही. म्हणून इन्सॅट-४बीला इंधन राखून वर नेलं ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

खालचे मात्र पडतात. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ, आभाळातून जळत्या रेघा गेल्या आणि आमच्याच तालुक्यात लाडबोरीला माणसाहून मोठी धातूची कडी पडली. इस्रोचे शास्त्रज्ञ पाहणीला आले. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी रॉकेटचे ते अवशेष असावेत, असं जाणकारांचं मत आहे. त्या दिवशी लोक हात लावून बघत होते.

तसं करू नका. पडलेल्या टाकीत हायड्रॅझिन नावाचं विषारी इंधन उरलेलं असू शकतं. अमोनियासारखा वास आला तर वाऱ्याच्या उलट बाजूला, म्हणजे वारा आपल्याकडून वस्तूकडे वाहील असे, लांब जा. गोल टाकी दिसली तर ठोकू नका, आत दाब असू शकतो. भंगारवाल्याला देऊ नका. पोरं आणि गुरं दूर ठेवा, लांबूनच फोटो काढा, पोलीस पाटलाला आणि ठाण्याला कळवा. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार वस्तू सोडणाऱ्या देशाला नुकसानीची भरपाई द्यावी लागते, आणि भारत त्या करारात आहे. कॅनडात १९७८ मध्ये कॉसमॉस ९५४ हा सोव्हिएत उपग्रह पडला, तेव्हा सोव्हिएत संघाने ३० लाख कॅनेडियन डॉलर दिले होते. म्हणून पंचनामा होताना वावराचा गट नंबर, उभं पीक आणि किती बांध्या खराब झाल्या हे लिहूनच घ्यायला लावा, आणि सही करण्याआधी तो मोठ्याने वाचून घ्या.