क्रेडिट ‘ट्रान्सफर’ होतं, पण डिग्रीत मोजलं जातं का? कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजमधून युनिव्हर्सिटीत जाताना

दर वर्षी गणपतीत आरती झाली, प्रसादाच्या प्लेटा वाटून झाल्या, की कुणीतरी आई मला चपलांच्या ढिगाजवळ गाठते. “ताई, मुलगा कम्युनिटी कॉलेजला जातोय. क्रेडिट्स सगळी ट्रान्सफर होतात ना हो?”

होतात. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

मी पुण्याहून एस.वाय. करून, लग्न होऊन इथे आले आणि कम्युनिटी कॉलेजमार्गे स्टेट युनिव्हर्सिटीत गेले. मग भाची, मग मुलगा, मग शेजारपाजारची सात-आठ मुलं. सगळ्यांच्या याद्या आमच्या डायनिंग टेबलावर तयार झाल्या. म्हणून हे सगळं कॅलिफोर्नियापुरतं आहे. न्यू जर्सीवाल्यांनी तिथली ‘एनजे ट्रान्सफर’ ही साइट बघावी. नियम वेगळे आहेत, पण ज्या चुकीबद्दल मी खाली कंटाळा येईपर्यंत बोलणार आहे, ती दोन्हीकडे सारखीच होते.

पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात आणि उरलेली युनिव्हर्सिटीत, हा मार्ग का घ्यायचा, यावर वेळ घालवत नाही. रेसिडेन्ट (राज्याचे रहिवासी) असाल तर युनिटला, म्हणजे क्रेडिटच्या मापाला, ४६ डॉलर, म्हणजे ६० युनिट्सचे २,७६० डॉलर. एवढ्यात युनिव्हर्सिटीची एक टर्मही निघत नाही. आणि ‘लोक काय म्हणतील’वाल्यांसाठी: डिग्रीच्या कागदावर युनिव्हर्सिटीचंच नाव असतं.

आधी कुठे जायचं ते ठरवा

दोन-तीन कॅम्पस आणि एक मेजर (डिग्रीचा मुख्य विषय), तेही पहिल्या टर्मच्या आधी. “आधी जीई (सगळ्यांना लागणारे सामान्य विषय) उरकू, मेजरचं मग बघू,” असा सल्ला देणाऱ्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. इतिहास किंवा समाजशास्त्र घ्यायचं असेल तर एक वेळ चालेल. इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स, बायॉलॉजी किंवा बिझनेस असेल तर गणित आणि सायन्सची साखळीच तीन-चार टर्म्सची असते. पहिली कडी उशिरा घातली की शेवटची वेळेत बसत नाही, आणि दोन वर्षांचं काम तीन वर्षांवर जातं.

किमान अटी सोप्या आहेत. यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) ट्रान्सफरेबल अशी ६० सेमिस्टर युनिट्स (क्वार्टर, म्हणजे छोट्या टर्म्सच्या पद्धतीत ९०) आणि रेसिडेन्टसाठी २.४ जीपीए, म्हणजे ग्रेड्सची सरासरी, सीएसयूला (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) तीच ६० युनिट्स आणि २.० जीपीए. एवढ्याने फक्त दार उघडतं. मागणी असलेल्या मेजरमध्ये २.४ घेऊन कुणाला प्रवेश मिळालेला मी पाहिलेला नाही.

एक क्लास, तीन वेगळे प्रश्न

इथे मी स्वतः आपटले, म्हणून इथे थांबते.

कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये क्लासच्या नावापुढे ‘यूसी’ किंवा ‘सीएसयू’ असं छापलेलं असतं. ते पाहून मुलं खूश होतात. त्याचा अर्थ एवढाच की या क्लासची युनिट्स त्या युनिव्हर्सिटीच्या खात्यात जमा होतील. ती कुठल्या खणात पडतील हे तिथे लिहिलेलं नसतं. खण तीन आहेत: मेजरची तयारी, जनरल एज्युकेशन म्हणजे जीई, आणि उरलेला इलेक्टिव्हचा, म्हणजे कुठल्याच अटीत न बसणाऱ्या विषयांचा. डिग्री अडते ती पहिल्या दोन खणांवर. इलेक्टिव्हचा खण म्हणजे माळा. त्यात काहीही टाका, मावतं, पण ते शोधायला कुणी वर चढत नाही.

म्हणून “हा क्लास ट्रान्सफर होतो का?” हा प्रश्न काउन्सेलरला विचारूच नका. उत्तर ‘हो’ येणार, ते खरंही असणार, आणि तुमच्या काही कामाचं नसणार. प्रश्न असा विचारा: “हा क्लास अमुक कॅम्पसच्या अमुक मेजरच्या कुठल्या रिक्वायरमेंटच्या जागी बसतो?” मग काउन्सेलरलाही स्क्रीन उघडून बघावं लागतं. उत्तर एज्युकेशन प्लॅनवर लिहून घ्या. तोंडी उत्तर घेऊन उठू नका.

ती स्क्रीन तुम्हीही घरी उघडू शकता: असिस्ट डॉट ऑर्ग. कॅलिफोर्नियातल्या सरकारी कॉलेजांमधले विषयांचे करार तिथे अधिकृतपणे ठेवलेले आहेत, फुकट. वर्ष, आपलं कॉलेज, जायची युनिव्हर्सिटी, मेजर निवडलं की पान उघडतं. डावीकडे युनिव्हर्सिटीचा विषय, उजवीकडे तुमच्या कॉलेजचा. वाचायला सोपं वाटतं आणि तिथेच फसगत होते.

पहिली गोष्ट, दोन ओळींच्या मध्ये बारीक अक्षरात लिहिलेला ‘अँड’ किंवा ‘ऑर’. डावीकडे एक विषय, उजवीकडे दोन आणि मध्ये ‘अँड’ असेल तर दोन्ही केल्याशिवाय तो एक विषय मिळत नाही. अर्धं केलं तर अर्धं क्रेडिट, असा हिशेब नाही. भाचीच्या यादीत केमिस्ट्रीपुढे असा ‘अँड’ होता आणि तिने तो ‘ऑर’ समजून वाचला होता. तेव्हापासून मी पान छापून घेते आणि प्रत्येक ‘अँड’वर पिवळा हायलायटर मारते. मुलं हसतात, हसू देत.

दुसरी, ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’. म्हणजे तुमच्या कॉलेजात त्या विषयाला मान्य जोडीदार नाही. शेजारच्या कॉलेजात असू शकतो. तिथलं पान उघडून बघा. कुठेच नसेल तर तो विषय ट्रान्सफरनंतर करावा लागतो आणि त्याचा सहसा प्रवेशावर परिणाम होत नाही. पण ‘नावं सारखीच आहेत, चालेल’ असं स्वतःच ठरवू नका.

तिसरी, प्रत्येक कॅम्पसचं पान वेगळं. यूसीच्या डेव्हिस कॅम्पसला चालणारा प्रोग्रामिंगचा क्लास सॅन डिएगोला त्याच जागी चालेल, असं गृहीत धरू नका. तीन कॅम्पस असतील तर तीन पानं छापा आणि तिन्हींत येणारे विषय आधी घ्या. आणि वर्ष बघा: क्लास ज्या वर्षी केला, त्या वर्षीचा करार लागू होतो.

चौथी माझी. मी क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजात कॅल्क्युलसचे दोन क्लास केले, दोन्हींत ए. मग नवऱ्याची नोकरी बदलली, आम्ही घर बदललं, आणि जवळचं कॉलेज सेमिस्टरवालं निघालं. काउन्सेलर म्हणाल्या, “सगळं ट्रान्सफरेबल आहे.” मी निर्धास्त. पण क्वार्टरमध्ये कॅल्क्युलसचे चार तुकडे असतात आणि सेमिस्टरमध्ये तीन. तीच भाकरी, पण चौघांत मोडलेली आणि तिघांत मोडलेली. माझे दोन तुकडे मिळून सेमिस्टरचा पहिला पूर्ण झाला आणि दुसरा अर्धवट राहिला, कारण सिरीजचा भाग क्वार्टरच्या तिसऱ्या तुकड्यात होता. दुसरा क्लास पुन्हा पहिल्यापासून करावा लागला. निम्मा सेमिस्टर मी येत असलेलं इंटिग्रेशन गिरवत बसले, आणि शेवटी तोच भाग दोनदा झाला म्हणून युनिट्सही कापली गेली. कुणी खोटं बोललं नव्हतं. मीच चुकीचा प्रश्न विचारला होता.

म्हणून आमच्या टेबलावरचा नियम: साखळीतले विषय, म्हणजे कॅल्क्युलस, फिजिक्स, केमिस्ट्री, एका कॉलेजात सुरू केले की तिथेच संपवायचे. ‘तिकडचे अमुक सर ए देतात’ हे कारण चालणार नाही. ‘समरमध्ये दुसरीकडे ऑनलाइन आहे’ हेही नाही. घर बदललं तरी शेवटच्या तुकड्यासाठी गाडी चालवत जा. जीईचे सुटे विषय मात्र कुठेही घ्या, काही बिघडत नाही.

युनिट्सचं गणितही इथेच उरकून टाका: क्वार्टर युनिट्सना दोनने गुणा, तीनने भागा. ९० ची ६०. डी अँझा आणि फूटहिल ही बे एरियातली क्वार्टरवाली कॉलेजं, राज्यातली बहुतेक बाकी सेमिस्टरवाली. यूसीमध्ये उलट: बर्कली आणि मर्सेड सेमिस्टरवर, बाकी क्वार्टरवर. आणि यूसी कम्युनिटी कॉलेजची जास्तीत जास्त ७० सेमिस्टर युनिट्सच धरते. त्यावरच्या विषयांनी रिक्वायरमेंट भागते, युनिट्स वाढत नाहीत. ९५ युनिट्स घेऊन ‘थेट शेवटच्या वर्षाला बसेन’ म्हणणारा एक मुलगा मला दर दोन वर्षांनी भेटतो.

हे सगळं अतिकाळजीचं वाटत असेल तर एक आकडा. अमेरिकन काँग्रेससाठी हिशेब तपासणाऱ्या जीएओ या संस्थेने २०१७ मध्ये अंदाज दिला की कॉलेज बदलणाऱ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स वाया जातात. तो देशभरचा आणि सगळ्या तऱ्हेच्या कॉलेजबदलांचा आकडा आहे, सरकारी ते सरकारी जाणाऱ्यांचं नुकसान त्यात कमी होतं. तरीही.

जीई

२०२५ च्या फॉलपासून नव्याने सुरू करणाऱ्यांना यूसी आणि सीएसयू दोन्हींसाठी एकच यादी आहे, कॅल-जीईटीसी: ११ विषय, ३४ सेमिस्टर युनिट्स, प्रत्येकात किमान सी. मोठ्या बहिणीची जुनी आयजीईटीसीची यादी वापरू नका. इंजिनिअरिंगवाल्यांनी आधी मेजरचे विषय घ्यावेत, जीई जमेल तितकं. त्याच सुमारास काही क्लासचे नंबर राज्यभर एक झालेत, पहिल्या वर्षाचं इंग्रजी आता सगळीकडे सी१००० आहे. ज्यांचे नंबर अजून एक झालेले नाहीत, ते सारखे दिसले तरी विषय सारखा असेलच असं नाही.

हमी हवी असेल तर

डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ हे सहा कॅम्पस टॅग नावाची प्रवेशहमी देतात. अर्ज १ ते ३० सप्टेंबर, आणि एकाच कॅम्पसला. सगळ्या मेजर्सना ती नसते, कॉम्प्युटर सायन्सवाल्यांनी यादी नीट बघावी. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो यात नाहीत. सीएसयूसाठी असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर ही कम्युनिटी कॉलेजची डिग्री करा; ती सीएसयूत जागेची हमी देते, हव्या त्या कॅम्पसची देत नाही.

अर्ज

ऑक्टोबर-नोव्हेंबर. जानेवारीत यूसीला फॉलचे ग्रेड्स भरून कळवायचे असतात. ते विसरू नका, विसरलात तर प्रवेशाची आशा सोडल्यासारखंच.

एक मात्र सांगते. शिकलेलं प्रत्येक कॉलेज अर्जात लिहायचं. हायस्कूलमध्ये असताना केलेला एक क्लास, सोडून दिलेला, नापास झालेला, सगळं. ‘तिथला डब्ल्यू (क्लास सोडल्याची नोंद) कशाला दाखवायचा’ म्हणून लपवलं आणि नंतर उघड झालं तर मिळालेला प्रवेशही रद्द होतो. आपल्याकडची एफ.वाय., एस.वाय.ची मार्कशीट असेल तर तीसुद्धा लिहा. कम्युनिटी कॉलेज त्यासाठी सहसा एनएसीईएस या परदेशी मार्कशीट तपासणाऱ्या संस्थांच्या संघटनेच्या सभासद संस्थेचं मूल्यमापन मागतं. यूसी आपलं आपण बघते, बाहेरच्या मूल्यमापनावर चालत नाही. त्यासाठी आधीच पैसे घालवू नका. पुण्यातले पेपर जीईच्या यादीत बसतील अशी फार आशाही धरू नका. मला त्यातून इलेक्टिव्ह युनिट्स मिळाली, तेवढीच.

प्रवेश मिळाल्यावर

इथे बहुतेक लोक सुस्कारा सोडतात आणि कागद राहून जातात. यूसीला अंतिम ट्रान्सक्रिप्ट (ग्रेड्सचा अधिकृत उतारा) १ जुलैपर्यंत पोचली पाहिजे. जीई पूर्ण झाल्याचं सर्टिफिकेशन वेगळं मागावं लागतं, शेवटच्या कम्युनिटी कॉलेजकडे. ते आपोआप जात नाही. स्प्रिंगचा शेवटचा ग्रेड दिसला की त्याच आठवड्यात दोन्हीची मागणी टाका. जुने ग्रेड्स यूसीच्या जीपीएमध्ये धरत नाहीत, तिथे पाटी कोरी. ए-वाल्यांना याचं वाईट वाटतं, बी-वाल्यांना बरं.

मग युनिव्हर्सिटीच्या पोर्टलवर डिग्री ऑडिट (कुठली अट कशाने भागली याची यादी) उघडा आणि असिस्टच्या छापील पानाशी एकेक ओळ ताडून बघा. माझ्या मुलाचा स्टॅटिस्टिक्सचा क्लास मेजरच्या खणाऐवजी इलेक्टिव्हमध्ये पडला होता. त्याने करार झालेल्या वर्षाचं पान आणि क्लासचा सिलॅबस जोडून डिपार्टमेंटला मेल केला, तीन आठवड्यांत तो हलवला गेला. सिलॅबस हाताशी होता म्हणून. प्रत्येक क्लासचा सिलॅबस पहिल्याच आठवड्यात कॅनव्हासवरून (कॉलेजच्या क्लासची वेबसाइट) उतरवून एका फोल्डरमध्ये ठेवा. टर्म संपली की ते पान बंद होतं, आणि दोन वर्षांनी त्या प्रोफेसरांना मेल करून सिलॅबस मागण्यात उन्हाळा जातो.