ड्रेनेज लाइनमध्ये मुळं घुसलीत? या चुका टाळा

चेंबर उघडलं, स्प्रिंग (तुंबलेली लाइन मोकळी करायची लांब लवचिक वायर) फिरवली, टोकाला तपकिरी केसांचा गुंता आला की सगळे झाडावर घसरतात. पण धडधाकट पाइप झाड सहसा फोडत नाही. जोडातून पाझरणाऱ्या ओलीच्या मागावर केसाएवढं मूळ येतं, आत शिरून जाड होतं आणि तीच फट रुंदावतं. म्हणून सिमेंटने भरलेल्या जोडांची जुनी स्टोनवेअर (भाजलेल्या मातीच्या पाइपांची) लाइन आधी सापडते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मुळं कापली, पाणी वाहिलं की काम झालं असं समजणं. प्रकार ठरलेला असतो. अंगणात उंबर, चेंबरपासून सहा मीटरवर तुंबलेलं. स्प्रिंग मारली, पाणी धो धो गेलं, झाकण लागलं. काही महिन्यांनी नहाणी ट्रॅपमधून (न्हाणीघराच्या जाळीखालच्या पाणी धरणाऱ्या भांड्यातून) गुडगुड. परत स्प्रिंग. तिसऱ्या खेपेला वायर आतच अडकते, मग नाइलाजाने खणतात. जोडाचं सिमेंट निखळलेलं, बाहेर बोटाएवढं मूळ आणि आत त्याची हातभर शेपटी, तेलकट गाळाने गच्च. कापलेलं मूळ मरत नाही. छाटलेल्या फांदीसारखे त्याला उलट जास्त फुटवे येतात.

त्यामुळे पहिल्याच वेळी वायर अडली तिथे तिला चिकटपट्टी लावायची, बाहेर काढून अंतर मोजायचं आणि चेंबरच्या आतल्या भिंतीवर लिहून ठेवायचं. दुसऱ्यांदा तोच आकडा आला की स्प्रिंग बाजूला ठेवून कॅमेरा घालायचा. अंदाजाने अंगण उकरत बसणाऱ्यांना काही सांगण्यात अर्थ नाही.

जोड बदलताना दोन्ही बाजूंनी चांगला पाइप लागेपर्यंत कापा. स्टोनवेअर आणि पीव्हीसी सिमेंटने जोडू नका, ते धरत नाही. स्टीलचे क्लॅम्प असलेला रबरी कपलर (दोन पाइप जोडणारी बाही) घ्या. खाली १० सेंटीमीटर वाळू. ११० मिमी पाइपाला साधारण ६० सेंटीमीटरला १ सेंटीमीटर ढाळ. खालचं तोंड बंद करून पाणी भरा, अर्धा तास पातळी बघा, मगच माती लोटा. ही चाचणी गाळणारे बरेच आहेत, आणि त्यांचेच खड्डे परत उघडतात.

दुसरी लाडकी चूक: ॲसिड ओतणं. तुंबलेल्या पाइपात ते पाण्यात पातळ होऊन नुसतं साचतं. मुळाला फारसं काही होत नाही, सिमेंटचे जोड मात्र खातं. वर कोणी ब्लीचिंग पावडर टाकली तर क्लोरीन वायू सुटतो. नंतर त्याच पाण्यात स्प्रिंग घालणाऱ्याच्या तोंडावर शिंतोडे उडतात, त्याला आधी कोणी सांगतही नाही. मोरचूद (कॉपर सल्फेट) ओतला तर तो मुळाचा जिथे पोचेल तेवढाच भाग मारतो, फट तशीच राहते. सेप्टिक टाकी असेल तर त्याच्या वाटेलाच जाऊ नका. टाकीतले जिवाणू मरतात.

बाकीच्या चुका: मुळं कापताना खालच्या चेंबरमध्ये जाळी न धरणं. तुकडे पुढे जाऊन तिकडे तुंबवतात.

झाडच तोडणं. फुटकी लाइन फुटकीच राहते, आणि मुळं कुजली की माती खचून पाइप वाकतो.

नव्या लाइनशेजारी वड, पिंपळ, उंबर लावणं. यावर जास्त काय बोलायचं!

चेंबरच्या झाकणावर फरशी बसवणं. अंगण छान दिसतं, तुंबल्यावर पहिला घाव त्याच फरशीवर बसतो.