मोठी सुट्टी घेताय? मग या चुका टाळा

"काही अर्जंट असलं तर फोन करा, मी आहेच." मोठ्या सुट्टीवर निघालेला माणूस हे बोलला की त्याची सुट्टी तिथेच बोंबलली. अर्जंट काय हे मग दुसरेच ठरवतात, आणि ऑफिसात सगळंच अर्जंट असतं.

आमच्या टीममधल्या एका सिनियरने दोन महिन्यांची बिनपगारी सुट्टी घेतली होती, अगदी थकला होता बिचारा. पहिल्याच आठवड्यात एका सिस्टिमचा पासवर्ड फक्त त्याच्याकडेच आहे असं निघालं, मग क्लायंटचा रिपोर्ट, मग "फक्त पाच मिनिटं" म्हणत रोजची मीटिंग, आणि हा पाहुण्यांच्या घरी जिन्यात बसून मांडीवर लॅपटॉप घेऊन एक्सेल भरतोय. पगार गेला, सुट्टीही गेली, परत आला तो आणखी चिडचिडा होऊन.

मी काय करते, तर निघायच्या दोन आठवडे आधी एक दिवस ऑफिसात असूनही कोणाच्याच प्रश्नाला उत्तर देत नाही. दिवसभरात जे जे अडतं तीच हँडओव्हरची खरी यादी. आणि ऑफिसची ॲप्स म्यूट नाही, डिलीट करायची. माझा नंबर एकाच माणसाकडे, आणि तो इतरांना 'नाही' म्हणू शकणारा हवा.

दुसरी चूक म्हणजे शनिवार-रविवारला एकेक दिवस जोडायचा आणि त्यालाच ब्रेक म्हणायचं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1970 च्या करारात (क्रमांक 132) वर्षाला किमान तीन आठवडे भरपगारी रजा सांगितलीय, आणि ती तोडून घेतली तरी एक तुकडा साधारणपणे सलग दोन आठवड्यांचा हवा असंही आहे. उगीच नाही ते. पण लोकांना सगळं झटपट हवं, आराम पण.

पहिल्या दिवसापासून कोर्स, जिम, ट्रिपचं टाइमटेबल लावू नका. आधी झोप काढा.

बिनपगारी रजेत विमा आणि पीएफचं काय होतं ते एचआरकडून लेखी घ्या. अडीअडचणीच्या पैशांवर सुट्टी काढू नका.

आणि सुट्टीने सगळं बरं होईल ही आशा सोडा. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाने पार थकून जाण्याची, व्याख्या केली, त्यात तो आजार म्हणून धरलेला नाही, कामाच्या ठिकाणचा सततचा ताण नीट न हाताळल्याचा परिणाम म्हटलंय. म्हणजे तेच काम तसंच वाट बघत असेल तर महिन्याभरात पुन्हा तिथेच याल. म्हणून माझ्याकडचं कोणतं काम कायमचं कमी होणार हे साहेबांशी निघायच्या आधीच बोलून घ्या, परत आल्यावर ते ऐकायला कोणाला वेळ नसतो.