धंद्यातला उत्साह आटतो तेव्हा: या चुका टाळा

कांदा-लसूण मसाल्याच्या धंद्याचं दुसरं वर्ष होतं. ऑगस्टमध्ये मी भावाला फोन केला, "दादा, बंद करते आता. मनच लागत नाही." तो एवढंच म्हणाला, "वही काढ, मी येतो."

वही मे महिन्यापासून कोरी होती. त्या रात्री बिलं, फोनवरचे मेसेज आणि पासबुक पुढ्यात घेऊन आम्ही तीन महिन्यांचा हिशेब लावला. मनावर कशाचा भार होता ते आकड्यांत दिसायला लागलं. तेव्हापासून घरगुती धंदा करणाऱ्या कितीतरी जणींशी बोलले आहे. "उत्साह राहिला नाही" असं कुणी म्हणालं की मी आधी हिशेबाचं विचारते. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

मंदीच्या महिन्यांना अपयश समजणं

आमच्या मसाल्याचा हंगाम फेब्रुवारीपासून मेपर्यंत. नवी मिरची बाजारात येते, ऊन कडक असतं, लोक वर्षाचा मसाला याच दिवसांत भरून ठेवतात. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की बऱ्याच घरांत कांदा-लसूण बंद होतो. जे चातुर्मास पाळत नाहीत त्यांच्यातले कित्येक निदान श्रावण तरी पाळतात. पुढे पितृपक्षातही खरेदी सुस्तच असते. हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं, तरी ऑर्डरी थांबल्यावर मला वाटलं की लोकांना माझा मसाला आवडेनासा झाला.

प्रत्येक धंद्याला असे महिने असतात. पापड-कुरडयांना पावसाळा, ब्लाउज शिवणाऱ्यांना लग्नसराई संपल्यानंतरचे दिवस. दोन वर्षांची विक्री महिन्यावार एका कागदावर मांडा आणि मंदीची कामं आधीच ठरवून ठेवा: नवी लेबलं, भांड्यांची दुरुस्ती, जुन्या गिऱ्हाइकांना फोन. मी आता आषाढातच चकलीच्या भाजणीची तयारी सुरू करते. भाजणीत कांदा-लसूण नसतो, त्यामुळे श्रावणातही ती विकली जाते.

स्वतःची मजुरी न धरणं

सगळ्यात जास्त माणसं इथं खचतात, आणि त्यांना कारण कळत नाही. माझा त्या वेळचा हिशेब जसाच्या तसा देते. मिरची, कांदा, लसूण, खोबरं, धणे, तीळ, खडा मसाला, तेल, गॅस, कांडप आणि पिशवी धरून एका किलोला 560 रुपये खर्च. विक्री 640 रुपयांना. किलोमागे 80 रुपये सुटतात याचं मला समाधान होतं.

पण दहा किलोंच्या एका घाण्याला मिरचीची देठं काढण्यापासून पिशव्या भरेपर्यंत माझे 14 तास जायचे. 800 रुपयांना 14 तास, म्हणजे तासाला 57 रुपये. शिवाय ओळखीच्यांना कुरियर फुकट. अशा कामाला सकाळी उठून हात लावावासा वाटत नाही यात नवल ते काय? शरीराला तोटा आधी कळतो, डोक्याला उशिरा.

तुमच्या भागात याच कामाला बाई लावली तर तिला दिवसाचे किती द्यावे लागतील ते विचारा. तेवढी मजुरी खर्चात धरा आणि मग भाव काढा. मी भाव वाढवला तेव्हा काही गिऱ्हाइकं गेली, त्यांत दोन मावश्याही होत्या. मनाला लागलं. पण कमी घाण्यांत तेवढेच पैसे हाती यायला लागले आणि रात्रीची झोप परत आली.

दुसरं म्हणजे धंद्याचं खातं वेगळं ठेवा. फोनवर आलेले पैसे त्याच खात्यातून दूध-किराण्याला जात राहिले, तर महिनाभर राबून हाताला काहीच लागलं नाही असं वाटत राहतं. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला स्वतःचा पगार घरखर्चाच्या खात्यात टाका, 2,000 रुपयांचा का असेना.

उधारी मागायला लाजणं

अडकलेला पैसा मनात ठसठसत राहतो. तो माणूस रस्त्यात दिसला की आपणच तोंड चुकवतो, आणि हळूहळू धंद्याचाच कंटाळा येतो. नातेवाइकांसाठी मी एक वाक्य ठरवून टाकलं आहे: "काकू, पुढच्या घाण्याची मिरची घ्यायची आहे, मागचे तेवढे आज पाठवता का?" दर सोमवारी सकाळी अर्धा तास याच कामाला. सांगायला संकोच वाटतो, पण आजवर कुणी रागावलेलं नाही.

दुकानदाराकडे माल ठेवत असाल तर उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आधी करून घ्या. ती ऑनलाइन होते आणि फुकट आहे. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात आणि करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं, असं सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा 2006 चा कायदा सांगतो. तक्रारीसाठी सरकारचं ऑनलाइन पोर्टल आहे. बहुतेक वेळा तिथवर जावं लागत नाही. बिलावर उद्यम क्रमांक आणि पैसे देण्याची तारीख छापलेली असली की बोलणं सोपं होतं.

नजर फक्त मोठ्या आकड्यावर

"दिवाळीपर्यंत लाखाची विक्री" हा आकडा आपल्या हातात नसतो. 15 मार्च 1959 ला गिरगावातल्या सात जणींनी उसन्या 80 रुपयांवर पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभं राहिलं. पहिल्या दिवशी त्यांची चार पाकिटं झाली होती. मला त्या गोष्टीत त्यांची कामाची रीत सगळ्यात मोलाची वाटते: बाई पीठ घरी नेते, लाटलेले पापड आणून देते आणि वणाई, म्हणजे लाटण्याची मजुरी, घेते. आज केलेलं काम आज मोजलं जातं. एकटीच्या धंद्यातही हे जमतं. मी वहीत रोज तीन गोष्टी लिहिते: किती पिशव्या भरल्या, किती जणांशी बोलले, किती पैसे आले. तिसऱ्या रकान्यात शून्य असलं तरी पहिले दोन भरलेले असतात.

दुसऱ्यांची स्टेटस बघून हिरमुसणं ही चूक सगळ्यांना माहीत आहे. कामाच्या वेळात फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

थकव्याला आळस म्हणणं

हिशेब नीट बसतो, उधारी वसूल होते, हंगामही चालू आहे आणि तरी उठवत नाही, असंही होतं. अशा वेळी स्वतःला दूषणं देऊ नका. आधी रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन कमी असणं किंवा थायरॉइडचा त्रास बायकांमध्ये सर्रास आढळतो आणि दोन्हींवर उपचार आहेत. आठवड्यातून एक दिवस चूल आणि ऑर्डरी दोन्ही बंद ठेवा आणि गिऱ्हाइकांना तो वार कळवून टाका. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली असेल, आवडतं कामही नकोसं झालं असेल, तर डॉक्टरांशी बोला किंवा 14416 वर फोन करा. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे. फोनला पैसे पडत नाहीत, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.