प्रीवर्कआउटचा डबा उलटा करून कसा वाचावा

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आमच्या गावात जिल्हा परिषद शाळेचं मैदान पहाटे पाचलाच भरतं. शारीरिक चाचणी ५० गुणांची, त्यातले २० गुण मुलांना १६०० मीटरचे, म्हणून सगळा जोर धावण्यावर. मी घड्याळ घेऊन उभा असतो. पूर्वी पोट्टे घरून भिजवलेले चणे आणायचे. आता खिशात 'प्रीवर्कआउट'ची, म्हणजे व्यायामाआधी घ्यायच्या पावडरची पुडी असते. तालुक्याच्या गावाहून चौघांनी वर्गणी करून एक डबा आणायचा आणि वाटून घ्यायचा.

"सर, अंगात मुंग्या येऊन राहिल्या. म्हणजे चरबी जळून राहिली ना जी?" असं एकानं मला विचारलं. नाही रे बाप्पा. त्या मुंग्यांचा चरबीशी काडीचाही संबंध नाही. मग डब्यात आहे तरी काय, हे आम्ही मैदानाच्या पारावर बसून वाचलं. तुम्हीही तसंच करा. पुढच्या बाजूवरचा वाघ नि वीज सोडून द्या, डबा उलटा करा.

आधी कॅफिनचा आकडा शोधा

'कॅफिन अनहायड्रस' असं लिहिलेलं असेल. बहुतेक डब्यांत एका चमच्याला १५० ते ३०० मिलिग्रॅम असतं. तुम्हाला जी 'एनर्जी' जाणवते, ती जवळजवळ सगळी इथून येते. खरं तर ही ताकद नव्हेच. दिवसभर मेंदूत अडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं आणि त्यानं आपल्याला थकल्यासारखं वाटतं. कॅफिन त्याच्या जागेवर जाऊन बसतं, म्हणून थकवा कळत नाही. थकवा असतो तिथंच.

आता हिशेब करा. धावण्यात किंवा वजन उचलण्यात फायदा दिसतो तो साधारण किलोमागे ३ मिलिग्रॅमला. ६० किलोच्या पोराला १८० पुरे झाले. निरोगी मोठ्या माणसानं दिवसभरात ४०० च्या वर आणि एका वेळी २०० च्या फार वर जाऊ नये. म्हणजे ३०० वाला एक चमचासुद्धा आमच्या पोरांना जास्तच होतो, आणि हे दोन-दोन घेत होते. हात थरथरणं, उमासे येणं, चौथ्या फेरीत बाजूला बसून ओकणं हे सगळं मी पाहिलंय. वर दिवसभराचा चहा वेगळा.

असर पूर्ण चढायला पाऊण तास ते तासभर लागतो. उतरायला मात्र वेळ घेतो. पाच-एक तासांनी निम्मं कॅफिन अंगात शिल्लक असतं. संध्याकाळी सहाला २०० घेतलं तर रात्री अकराला १०० अंगात आहे, म्हणजे कडक कॉफी पिऊन अंथरुणावर पडल्यासारखं. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते, पाय जड होतात आणि मग पोरगं म्हणतं, पावडर कमी पडून राहिली. म्हणून दुपारनंतर नाहीच.

मुंग्या, लाली आणि फुगलेले दंड वेगळे काढा

हे तीन परिणाम अंगावर दिसतात, म्हणून 'माल लागला' असं वाटतं.

मुंग्या बीटा-अलॅनिनच्या. कातडीतल्या मज्जातंतूंना ते चाळवतं, तासाभरात थांबतं. त्याचा खरा उपयोग हळू होतो. रोज ३ ग्रॅमच्या वर, तीन-चार आठवडे घेतल्यावर स्नायूंत कार्नोसिन नावाचं द्रव्य वाढतं आणि एक ते चार मिनिटांच्या जीवतोड मेहनतीत थोडी मदत होते. भरतीच्या सकाळी पहिल्यांदा घेतलं तर फक्त खाज मिळते.

तोंड लाल होऊन गरम वाफा निघाल्यासारखं वाटतं, ते नायसिनचं, म्हणजे बी-३ जीवनसत्त्वाचं. चेहऱ्याच्या रक्तवाहिन्या फुलतात, चरबी वितळत नाही.

दंड फुगतात ते सिट्रुलिनमुळे. शरीरात त्याचं आर्जिनिन, त्यातून नायट्रिक ऑक्साइड होतं आणि रक्तवाहिन्या सैल पडतात. सिट्रुलिन मॅलेट ६ ते ८ ग्रॅम असेल तर त्याला अर्थ आहे. डब्यावर १ ग्रॅम असेल तर ते शोभेपुरतं. बीटातल्या नायट्रेटचा मार्ग वेगळा, पण पोचतं तिथंच, आणि बीट आठवडी बाजारात मिळतं.

क्रिएटिन, म्हणजे स्नायूंना झटक्यात जोर लावायला मदत करणारं द्रव्य, दिसलं तर ते चांगलं आहे, त्यावर भरपूर अभ्यास झालाय. रोज ३ ते ५ ग्रॅम, वेळ कोणतीही. पण स्नायूंत पाणी धरल्यानं काट्यावर किलो-दीड किलो वाढतं. गोळाफेकवाल्याला चालेल. १६०० मीटरवाल्यानं आणि वजन उतरवायला निघालेल्यानं आधीच जाणून घ्यावं, नाहीतर काटा पाहून धसका बसतो.

'प्रोप्रायटरी ब्लेंड' दिसलं की डबा खाली ठेवा

याचा साधा अर्थ असा की सात घटक मिळून इतके ग्रॅम, पण कोणता किती ते सांगणार नाही. भाजीवाल्यानं सगळी भाजी एकाच थैलीत भरून वजन सांगावं, तसं. एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक आणि मुदत बघाच. मात्र परवाना आहे म्हणजे आतला माल हमखास डब्यावर लिहिल्यासारखाच, असं समजू नका.

योहिम्बिन असेल तर घेऊ नका. छाती धडधडते, बीपी चढतं, उगाच भीती वाटते. 'बिटर ऑरेंज' किंवा सिनेफ्रिन कॅफिनसोबत असेल तरी तेच. संत्र्याचं नाव वाचून वरूड-मोर्शीच्या भावांनी हुरळू नये, हे आपलं नागपुरी संत्रं नव्हे, कडू संत्र्याचा अर्क आहे. डीएमएए नावाचं उत्तेजक दिसलं तर विषयच संपला. खेळाडूंसाठी ते बंदी घातलेल्या यादीत आहे.

चरबीचा हिशेब कागदावर मांडा

एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं ७,७०० कॅलरी. ६० किलोचा माणूस पाच किलोमीटर धावला तर ३०० च्या आसपास खर्च होतात. आणि कॅफिननं दिवसभरात जास्तीच्या किती जळतात? चांगला डोस असेल तर पन्नास ते शंभर. दोन-दोन चमचे साखर घातलेले दोन कप चहा घेतले की तेवढं फिटलं. शिवाय रोज घेऊन शरीर सरावतं आणि तोही परिणाम बोथट होतो. ग्रीन टीचा अर्क आणि कार्निटिन यांच्या जाहिराती मोठ्या, काम नावापुरतं. ग्रीन टीच्या तीव्र अर्कानं काहींच्या यकृताला त्रास झालेला आहे.

पावडरचा चरबीशी आडवाटेचा एक संबंध मात्र आहे. तिच्या जोरावर तुम्ही दोन फेऱ्या जास्त मारल्या तर त्या फेऱ्यांचा फायदा होतो. पण नंतर चौकात तर्री-पोह्यांची प्लेट नि वर आलुबोंडा खाल्ला तर हिशेब उलटा फिरतो. दोन आठवडे वही ठेवा. १६०० मीटरची वेळ, झोपेचे तास आणि रविवारी सकाळी बेंबीजवळ टेपनं मोजलेली कंबर, एवढंच लिहा. एक आठवडा पावडर घेऊन, एक न घेता.

घरची सोय

शुद्ध इन्स्टंट कॉफीच्या दोन ग्रॅमच्या चमच्यात साधारण ६० मिलिग्रॅम कॅफिन येतं. पाकिटावर चिकोरी लिहिली असेल तर कमी, चिकोरीत कॅफिन नसतं. दोन चमचे कोऱ्या कॉफीत, सोबत एक केळं, धावण्याआधी पाऊण तास. पहिल्यांदा एकच चमचा घेऊन बघा. शेंगदाणे-गूळ धावून आल्यावर खा, आधी खाल्ले तर पोटात गोटा होतो.

सिकलसेलचं कार्ड काढून बघा

आपल्याकडे ही गोष्ट डब्यावर कोणी लिहिणार नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, आणि 'एएस' म्हणजे वाहक असलेला माणूस एरवी ठणठणीत असतो. पण कडक ऊन, कमी पाणी आणि जीव तोडून धावणं एकत्र आलं तर वाहकाचे स्नायू फुटू शकतात. त्यात कॅफिननं थकवा झाकला तर थांबायची खूणच हरवते. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते, ती आधी करून घ्या. वाहक असाल तर पावडर नको, आणि मे महिन्यात सूर्य वर यायच्या आत धावणं आटपा. बीपी, हृदयाचा त्रास, गरोदरपण, १८ च्या आतलं वय यांनाही पावडर नकोच.

धावताना छातीत कळ आली, भोवळ आली किंवा नंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तर निंबूपाणी देत बसू नका. १०८ ला फोन लावा आणि दवाखान्यात जाताना तो डबा सोबत न्या. कोणी काय किती घेतलं, हेच डॉक्टर पहिल्यांदा विचारतील.