बोधिचर्यावताराच्या प्रवचन-शिबिराला जाताना

शांतिदेवांचा ‘बोधिचर्यावतार’ हा आठव्या शतकातला, नालंदेच्या परंपरेतला संस्कृत ग्रंथ. बोधिसत्त्वाने, म्हणजे सर्वांच्या भल्यासाठी बुद्धत्व मिळवू पाहणाऱ्याने, कसं वागावं हे तो सांगतो. दहा प्रकरणं, सुमारे 913 श्लोक. आता तिबेटी परंपरेतल्या एखाद्या शिबिराचा हिशेब मांडा. पाच दिवस, रोज दोन तासांची दोन सत्रं, म्हणजे 1200 मिनिटं. प्रत्येक सत्रातल्या प्रार्थनांची वीस मिनिटं वजा केली की उरतात 1000. आचार्य तिबेटीत बोलणार आणि दुभाषी तेच पुन्हा सांगणार असेल, तर 500. श्लोकामागे जेमतेम अर्धं मिनिट. म्हणून आचार्य काही प्रकरणं भराभर वाचून पुढे जातात आणि काही श्लोकांवर तासभर थांबतात. ग्रंथ तिथेच पहिल्यांदा उघडणाऱ्याला आपण कुठे आहोत हेच कळत नाही. निम्मी तयारी आधीच्या तीन-चार आठवड्यांत घरी करायची असते.

नाव नोंदवण्याआधी आयोजकांना चार गोष्टी विचारा: कोणती प्रकरणं घेणार, कोणत्या भाषांतरावरून घेणार, बोधिसत्त्वव्रत दिलं जाणार आहे का, आणि शेवटी एखादा अभिषेक, म्हणजे तांत्रिक साधनेची दीक्षा, जोडलेला आहे का. अभिषेकासोबत रोजच्या पठणाची बांधिलकी येऊ शकते, आणि ती ऐन वेळी कळली की माणूस गोंधळतो.

वाचनाची पहिली फेरी न अडखळता करा, नववं प्रकरण सोडून. दुसऱ्या फेरीत पहिली पाच प्रकरणं सावकाश वाचा, मग क्षान्तीचं, म्हणजे सहनशीलतेचं, सहावं आणि ध्यानाचं आठवं. आठव्यातले देहाच्या, विशेषतः स्त्रीदेहाच्या किळसवाणेपणाचे श्लोक आज वाचताना खटकतात. ते ब्रह्मचारी भिक्षूंना उद्देशून आहेत. ज्याची ज्या देहावर आसक्ती, त्याने तो देह तिथे धरायचा, असं आचार्य बहुधा समजावतात. त्या श्लोकांवर अडून पुस्तक मिटू नका. त्याच प्रकरणात 90व्या श्लोकापासून स्व-पर समतेचा विचार सुरू होतो, आणि तो या ग्रंथाचा गाभा आहे.

मराठी वाचकाला मूळ श्लोक देवनागरीत वाचता येतात, हा मोठाच फायदा. पण ओळखीचे शब्दच इथे सर्वांत जास्त फसवतात. ‘क्लेश’ म्हणजे त्रास नव्हे, तर राग, द्वेष, मोह यांसारखे चित्ताचे मळ. त्यातही ‘राग’ म्हणजे संताप नाही, आसक्ती. ‘मोह’ म्हणजे भुरळ नाही, अज्ञान. ‘वेदना’ सुखाचीही असते, कारण तिचा अर्थ नुसती संवेदना. ‘स्मृती’ म्हणजे आठवणी नव्हेत, तर हाती घेतलेलं कुशल, म्हणजे सत्कर्म, विसरू न देणारं भान. ‘मान’ म्हणजे आदर नव्हे, अहंकार. सातव्या प्रकरणात मात्र हाच शब्द क्लेशांपुढे न झुकणाऱ्या बाण्यासाठीही वापरला आहे, तेव्हा संदर्भ पाहावा लागतो. त्या प्रकरणाच्या नावातलं ‘वीर्य’ म्हणजे काय, हे शांतिदेव दुसऱ्याच श्लोकात सांगतात: ‘किं वीर्यं कुशलोत्साहः’. असे पंधरा-वीस शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ‘राग सोडा’ हे वाक्य कोणत्या अर्थाने ऐकलं यावर अख्खं सत्र फिरतं.

नववं प्रकरण, प्रज्ञापारमिता म्हणजे प्रज्ञेची परिपूर्णता, सर्वांत अवघड. त्यात सर्वास्तिवादी, विज्ञानवादी हे बौद्ध आणि सांख्य, ईश्वरवादी हे बौद्धेतर अशा अनेकांशी वाद चालतो, पण कोण बोलतंय हे श्लोकात बरेचदा लिहिलेलं नसतं. अर्धा श्लोक प्रतिपक्षाचा आणि अर्धा माध्यमिकाचा, म्हणजे शांतिदेवांच्या स्वतःच्या पक्षाचा, असंही होतं. टीकेच्या, म्हणजे ग्रंथावरच्या भाष्याच्या, आधाराने पानाच्या समासात पेन्सिलीने ‘पू’ म्हणजे पूर्वपक्ष (प्रतिपक्षाचं मत) आणि ‘उ’ म्हणजे उत्तरपक्ष (त्याला दिलेलं उत्तर) अशा खुणा करा. एवढं केलं नाही, तर ज्या मताचं खंडन चाललंय तेच ग्रंथाचं मत समजून माणूस घरी येतो. शिवाय दुसरा श्लोक पाठच असू द्या: ‘संवृतिः परमार्थश्च सत्यद्वयमिदं मतम्’. पुढचा सगळा वाद या दोन सत्यांवरच, व्यवहारातलं आणि अंतिम, उभा आहे.

श्लोकांचे क्रमांक संस्कृत प्रतीत आणि तिबेटीवरून केलेल्या भाषांतरांत काही ठिकाणी एका अंकाने सरकतात. आचार्यांनी सांगितलेला आकडा जुळला नाही तर मागचा-पुढचा श्लोक पाहा.

सोबत न्यायचं सामान थोडंच: ग्रंथ, वही, दोन पेन्सिली, पाण्याची बाटली, अंगावर घ्यायला शाल, औषधं. मोठ्या प्रवचनांत भाषांतर एफएमवर ऐकवतात. तशी सोय असेल तर रेडिओ, तारेचे इअरफोन आणि जादा सेल न्या. आसन आठ-दहा सेंटिमीटर उंच हवं, इतकं की गुडघे कमरेच्या खाली राहतील. गुडघे वर राहिले की पाठ वाकते, वाकलेल्या पाठीने तासाभरात पाय बधिर होतात आणि मग लक्ष फक्त पायांवरच राहतं. मुंग्या येण्याआधीच बैठक बदला. खुर्ची घेण्यात काहीही कमीपणा नाही.

आचार्य आत येताना उभं राहायचं. ते आसनावर बसले की तीन वेळा दंडवत, जमत नसेल तर जागेवरूनच नमस्कार. ग्रंथ जमिनीवर ठेवायचा नाही, ओलांडायचा नाही, आणि पाय आचार्यांकडे किंवा मूर्तीकडे पसरायचे नाहीत. टोपी काढायची. पाचव्या प्रकरणाच्या 88व्या श्लोकातच डोकं झाकलेल्याला, छत्री, काठी किंवा शस्त्र धरलेल्याला धर्म सांगू नये असं म्हटलंय. तिथे ‘स्वस्थे’ असा शब्द आहे, म्हणजे नियम धडधाकट माणसासाठी. आजारी असाल तर टोपी असू द्या.

आचार्य मध्येच अतिवेगाने, अर्थ न सांगता मूळ पाठ वाचू लागले तर ती ‘लुंग’, म्हणजे पठणाची गुरुपरंपरा देण्याची पद्धत. 1967 साली तिबेटी बौद्ध आचार्य खुनू लामांनी दलाई लामांना या ग्रंथाचा उपदेश दिला, आणि तीच परंपरा आज अनेक शिबिरांपर्यंत पोचली आहे. त्या वेळी लिहू नका, बाहेर जाऊ नका, कान देऊन ऐका.

श्रोत्याचे तीन दोष परंपरा भांड्याच्या उपमेने सांगते: पालथं, गळकं आणि विष लागलेलं. गळक्या भांड्यावरचा उपाय वहीत असतो. मात्र प्रत्येक वाक्य उतरवायला गेलं की हात चालतो आणि ऐकणं थांबतं. डावीकडे प्रकरण-श्लोक क्रमांक, उजवीकडे एकच ओळ, एवढं पुरे. संध्याकाळी वीस मिनिटं तेच श्लोक पुन्हा वाचून ओळी भरून काढा. दुसऱ्या दिवसावर ढकललं तर अर्धा संदर्भ निसटलेला असतो. प्रश्न चिठ्ठीवर द्यायचा तर एकच, श्लोक क्रमांकासह.

तिसऱ्या दिवशी दुपारी बहुतेकांना पेंग येते. दुपारी कमी जेवा, विश्रांतीच्या वेळात गप्पांऐवजी चाला आणि रात्री वेळेवर झोपा. सातव्या प्रकरणात शांतिदेवही सांगतात की शक्ती ओसरू लागली की काम पुन्हा करण्यासाठी बाजूला ठेवावं. एखादं सत्र चुकलं म्हणून शिबिर वाया जात नाही.

बोधिसत्त्वव्रत साधारणपणे तिसऱ्या प्रकरणातले 22 आणि 23 हे श्लोक आचार्यांमागून तीनदा म्हणून घेतात. आधी विचारून घ्या की हे नुसतं प्रणिधान, म्हणजे संकल्प, आहे की पूर्ण संवर, म्हणजे नियमांसह घेतलेलं व्रत. पूर्ण संवरात गेलुग या तिबेटी पंथाच्या परंपरेनुसार 18 मूलापत्ती, म्हणजे मोठे दोष, आणि 46 दुष्कृतं, म्हणजे लहान दोष, टाळायची असतात. ती यादी आधी वाचा. मन होत नसेल तर शांत बसून ऐका, कोणी उठवत नाही. इथे सातव्या प्रकरणाचा 47वा श्लोक मनापासून पाळावा: आधी आपली तयारी पाहावी, मग सुरुवात करावी किंवा करू नये, सुरू करून मागे फिरण्यापेक्षा सुरू न केलेलं बरं.

शेवटचं सत्र सोडून प्रवासाला निघू नका, कारण दहाव्या प्रकरणाची परिणामना, म्हणजे मिळालेलं पुण्य सर्वांना अर्पण करणं, तेव्हाच होते. घरी आल्यावर दोन दिवसांत वही एकदा पूर्ण वाचा आणि ज्या श्लोकांवर आचार्य थांबले होते त्यांतले दहा निवडा. रोज सकाळी एक श्लोक मूळ संस्कृतात म्हणा, रात्री तो दिवसभरात कुठे आठवला आणि कुठे नाही ते एका ओळीत लिहा. दहा संपले की सहाव्या प्रकरणाच्या पहिल्या श्लोकापासून क्रमाने पुढे चला. ते प्रकरण 134 दिवस पुरतं.